पारोळ्याचं काम

आबा, माझ्या धुळ्याच्या घराचा बाहेरचा रंग निघायला लागलाय. रस्त्याकडची अख्खी भिंत. आधी खिडकीखाली एक फुगा आला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि चैत्राचं ऊन तापायला लागलं तसे पोपडे सुटून अंगणात पडायला लागले. तुम्ही असतात तर हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवून, चष्मा कपाळावर सरकवून "कोणाला दिलं होतं काम?" एवढंच विचारलं असतंत. भिंतीला काय झालं हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. कोणी केलं, हे तुम्हाला आधी हवं असायचं. ते एकदा कळलं की तुमचं जेवण वेळेवर व्हायचं आणि झोपही छान लागायची.

तुम्हाला मी खरं पत्र असं कधी लिहिलंच नाही. लग्नानंतर जळगावला जी पत्रं धाडली ती आईसाठी असायची, आणि पाकीट आधी तुम्ही फोडणार हे ठाऊक असल्यामुळे त्यात खुशालीपलीकडे काही नसायचं. आज मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही होतात तोवर भांडण सुरू झालं की पायात वहाणा सरकवून कचेरीचा रस्ता धरायचात. हेडक्लार्क माणूस, कामं तुंबलेली. आता कुठे जाल?

आपल्या जळगावच्या घराची पुढची भिंत मातीची, वरून चुन्याचा गिलावा. दरवर्षी आषाढात, कानबाई देवीचा सण यायच्या आधी, आई तिला चुना द्यायची. त्यासाठी ना कधी रंगारी आला ना गडी. आदल्या दिवशी डब्यात चुना भिजत घालायचा, त्यात चिमूटभर नीळ, आणि अंबाडीचा कुंचा. पदर खोचून आई स्टुलावर चढायची आणि मी खाली स्टूल धरून उभी राहायची. माझ्या डोक्यावर चुन्याचे थेंब पडायचे. पावसाने भिंत ओली असली तरी तिचं अडायचं नाही. ओल्या भिंतीत चुना उलट चांगला मुरतो, म्हणायची. हात लावून भिंत किती ओली आहे ते बघायची तिला सवय होती, कणीक भिजली का ते बघावं तशी. श्रावणात कानबाईचा रविवार यायचा तोवर भिंत अशी पांढरीशुभ्र झालेली असायची, की रस्त्यावरचं कोणीही सांगावं, या घरात बाई आहे.

पण तुम्हाला चुना नको झाला होता. समोरच्या कापसाच्या व्यापाऱ्याने त्याच्या घराला ऑइलपेंट दिला आणि तुमचं बिनसलं. त्याचा गडी सकाळी ओला फडका फिरवायचा आणि भिंत कशी चकचकायची! तुम्ही ओट्यावर चहा पीत ते बघत बसायचात. चहा थंड व्हायचा आणि मग चहावरून आईला बोलणी बसायची. त्या वर्षी अख्ख्या भाऊबंदकीच्या कानबाईचा मान आपल्या घराला होता. अमळनेरचे, दोंडाईचाचे, सगळे भाऊबंद आपल्याकडे येणार होते. भाऊबंदांत पहिलं ऑइलपेंटचं घर आपलं असणार, हे तुम्ही ज्येष्ठातच ज्याला त्याला सांगून मोकळे झालात. सांगून झाल्यावर भिंत ओली आहे की कोरडी, याला काय किंमत?

काम दिलंत मामाला. आईचा धाकटा भाऊ, पारोळ्याला रंगाची कामं घ्यायचा. मामा काही साधाभोळा नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल की मी त्याला देव्हाऱ्यात बसवला. दोन दुकानांच्या पाट्या आणि एका धर्मशाळेची भिंत रंगवून तो स्वतःला कंत्राटदार म्हणवून घ्यायचा. कानात अत्तराचा फाया, खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही चालत नसे. कुठल्याही कामाला त्याच्या तोंडात नाही हा शब्द म्हणून यायचा नाही. "व्हई जाई, दाजी, बठ्ठं व्हई जाई," हे त्याचं पालुपद. तुम्हाला तो आवडत होता म्हणून तुम्ही त्याला बोलावलं नाहीत. परक्या माणसाचं थोडं ऐकून घ्यावं लागतं, मेव्हण्याला नुसता हुकूम सोडता येतो, एवढंच त्यामागचं गणित होतं.

तो आला तो दिवस मला लख्ख आठवतो. बाहेर झड लागली आहे. स्वयंपाकघरात चुलीपुढे मामा पाटावर बसलाय, आई त्याला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढतेय, आणि दोघं बोलतायत. तुमच्या घरात आईने तिची बोली बोललेली तुम्हाला चालत नसे. "घरात नीट बोलत जा, मुलीच्या जिभेला वळण लागतं," म्हणायचात. आईने बिचारीने वळण लावून घेतलं होतं, पुस्तकातल्यासारखं बोलायची, जपून, पाय घसरेल या भीतीने चालावं तसं. भाऊ आला की मात्र ती वेगळीच बाई व्हायची. हसायची मोठ्याने. "भाऊ, भीत वली शे," ती त्याला त्या दिवशी म्हणाली. "आते हात लावू नको. दिवाळीलोंग थांब." मामाने भाकरीचा घास तोंडात तसाच धरला आणि दाराकडे बघून हळूच म्हणाला, "अक्का, पन दाजीले कोन सांगी?"

सांगितलं तिनेच. तुम्ही जेवायला बसला होतात, ती वाढता वाढता म्हणाली की भिंत आतून ओली आहे, तेलाचा रंग धरायचा नाही, यंदा चुनाच देऊ आणि रंगाचं दिवाळीनंतर बघू. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. "चुना फासण्याइतकं सोपं नाही ते. तुला काय कळतं त्यातलं?" झालं. तुम्ही आमटी मागितलीत आणि तिने ती वाढली.

मग सुरू झाला तो तमाशा. पाऊस थांबला की मामा आणि त्याचे दोन रंगारी धावत बाहेर जायचे, गोणपाटाने भिंत पुसायचे, शेगडी पेटवून भिंतीजवळ धरायचे. भिंतीतून वाफ निघायची. वाफ! ती बघून तरी शहाण्या माणसाच्या लक्षात यावं. तुम्ही ओट्यावर छत्री घेऊन उभे, "आटपा, आटपा, परत आभाळ येतंय." मामा तुमच्याकडे बघून हसायचा आणि ब्रश मारायचा. पहिला हात, दुसरा हात. हिरवा रंग. केळीच्या पानाचा असतो तसा, वरून तेल लावल्यासारखा. चार दिवस कडक ऊन पडलं आणि त्या उन्हात आपलं घर असं काही दिसायला लागलं की रस्त्यावरून जाणारे टांगेवाले मान वळवून बघायचे. तुम्ही त्या आठवड्यात आईला एकदाही टाकून बोलला नाहीत. चहासुद्धा गरम प्यायलात.

त्याच आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. डब्याच्या तळाशी रंग उरला होता. माझी एक पत्र्याची ट्रंक होती, गंजून तांबडी पडलेली. तुम्ही ती अंगणात ओढलीत, बनियनवर उकिडवे बसलात आणि पॉलिश पेपरने तिचा गंज घासून काढलात. मी म्हटलं, मामाला सांगा ना. तर म्हणालात, "त्याला नको. हे माझं काम आहे." पूर्ण सकाळ बसलात. कोपरे, कडी, खालची बाजू, सगळीकडून हात फिरवलात. कपाळावर हिरवा ठिपका लागला होता तुमच्या आणि तो मी तुम्हाला सांगितला नाही, कारण तो मला आवडला होता. "तुझ्या लग्नात कामाला येईल," म्हणालात. एवढ्या प्रेमाने तुम्ही माझ्यासाठी दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. म्हणून त्या ट्रंकेचा राग धरायला मला फार जड गेलं.

कानबाईचा रविवार उजाडला. घरात पाय ठेवायला जागा नाही. आतल्या खोलीत कानबाई मांडलेली, बायकांची गाणी चाललेली, आई रोटांच्या कणकेत कोपरापर्यंत बुडालेली. बाहेर ओट्यावर पुरुषमंडळी. मामाही आला होता. रोटांचा प्रसाद भाऊबंदांपुरता, तो काही त्याला मिळणार नव्हता, पण कौतुक मिळणार या आशेने कडक इस्त्रीचे कपडे घालून खांबाशी उभा होता. रात्रभर पाऊस झाला होता आणि सकाळी ऊन आलं होतं. अमळनेरचे नाना, तुमचे थोरले चुलतभाऊ, भिंतीला पाठ टेकून तासभर गप्पा मारत बसले. पानं मांडली म्हणून हाक आली, नाना उठले, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीला भिंतीचा हा एवढा हिरवा पापुद्रा चिकटून आला. मागे भिंतीवर ओला, पिवळट चुना उघडा पडलेला. कोणाचं तरी पोर खिदळलं. मग सगळेच हसले. नाना मोठ्या मनाचे माणूस, पाठीवर हात फिरवून म्हणाले, "काय रे, तुझी भिंत मी अमळनेरले लई चालनू का काय?" हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती, आबा. नानांनी तुम्हाला वाट काढून दिली होती. तुम्ही हसला असतात तर त्या दिवशीच सगळं संपलं असतं.

तुम्ही आईला हाक मारलीत. ती कणकेच्या हातांनी बाहेर आली. सगळ्या दीरांसमोर, जावांसमोर, डोक्यावरचा पदर सावरायला हात मोकळे नाहीत म्हणून मान खाली घालून उभी राहिली. "बघ. बघून घे तुझ्या भावाचं काम." मामा पुढे आला, "दाजी, भीत वली व्हती..." तर तुम्ही त्याच्यावर उलटलात, "मग तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?" आबा, अहो, तोंड शिवणारे तुम्हीच! आईने एक शब्द काढला असता, मी सांगितलं होतं एवढाच, तर ओट्यावरच्या पंचवीस माणसांनी तुमच्याकडे बघितलं असतं. तिने काढला नाही. तुम्ही नानांच्या साक्षीने सांगून टाकलंत की यापुढे पारोळ्याच्या माणसाने या घराची पायरी चढायची नाही आणि या घरातल्या कोणी पारोळ्याची चढायची नाही. मामाच्या कानातला अत्तराचा फाया तेवढा मला दिसत होता. तो पायऱ्या उतरून गेला. आई आत जाऊन रोट लाटायला बसली.

दुसऱ्या दिवशी कानबाई उठली, भाऊबंद गेले. आईने स्वयंपाकघरातून कलथा आणला आणि सुटलेला रंग खरडायला भिंतीला लावला. तेवढी भिंत खरडली असती, वरून चुन्याचा हात दिला असता, तर गोष्ट विसरली गेली असती. तुम्ही कचेरीत निघाला होतात. थांबलात. "खरडू नकोस. असंच राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, पारोळ्याचं काम कसं असतं." तिने कलथा खाली केला.

आणि ते तसंच राहिलं. वर्षानुवर्षं. बाकीच्या तीन भिंतींना दर आषाढात चुना, पुढची तशीच, खरूज झालेल्या गुरासारखी. रोज सकाळी सडा घालायच्या आधी आई ओट्यावर पडलेले हिरवे पोपडे झाडायची. भावाच्या नावाने पडलेला कचरा रोज स्वतःच्या हाताने गोळा करायची. कोणी पाहुणा आला की तुम्ही त्याला आधी भिंतीपाशी न्यायचात, मग आत. अक्षय्य तृतीयेची आखाजी यायची, आळीतल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या, झोके बांधले जायचे, आणि आई माडीच्या खिडकीत उभी राहून दुसऱ्यांच्या लेकी माहेरी आलेल्या बघायची. खान्देशातल्या बाईला आखाजीला माहेर नाही म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या बहिणी येत होत्या ना आपल्याकडे, मोठ्या थाटात. त्यांच्यासाठी पुरणाच्या पोळ्या कोण करत होतं? आणि मामा येईनासा झाल्यापासून आमच्या घरातली ती बोलीसुद्धा गेली. आईला ती बोलायला कोणी उरलंच नाही. तिचं मोठ्याने हसणं मी लग्नापर्यंत परत ऐकलं नाही.

हे सगळं मी तुमच्या रागीटपणावर टाकलं असतं. शीघ्रकोपी माणूस, बोलून बसला, मग मागे फिरता येईना, असं म्हणून मीही इतर मुलींसारखं तुमचं श्राद्ध घालून मोकळी झाले असते. पण मी तुम्हाला त्या ट्रंकेपाशी बघितलं, आबा. पुढच्या उन्हाळ्यातली दुपार होती. तुम्हाला वाटलं मी झोपलेय. ट्रंक खोलीच्या कोपऱ्यात होती, तुम्ही तिच्यासमोर बसलात आणि अंगठ्याच्या नखाने रंग खरवडून बघायला लागलात. आधी झाकणावर. मग कोपऱ्यावर. मग खिशातला चाकू काढून त्याच्या टोकाने. रंगाला ओरखडासुद्धा येईना. तोच डबा, तोच रंग. कोरड्या पत्र्यावर घट्ट बसला होता आणि ओल्या भिंतीवरून उडत होता. तुम्ही कचेरीतला माणूस, दोन कागद शेजारी ठेवून खोटं कुठलं ते ओळखण्यात हयात गेली तुमची. तुम्हाला कळलं. मी तुमचा चेहरा बघितलाय, तुम्हाला कळलं होतं. आणि मग तुम्ही काय केलंत? ट्रंक पायाने खाटेखाली सारलीत आणि वर गोधडी लोंबती सोडलीत. संध्याकाळी कोणी गृहस्थ आले होते, त्यांना तुम्ही नेहमीसारखं भिंतीपाशी नेलंत.

इथे माझं तुमचं संपलं. न कळून केलेलं मी पोटात घालते, माझ्या नवऱ्याचं घालते, पोरांचं घालते. कळून सवरून तुम्ही त्या बाईला रोज झाडायला लावलंत.

आजी गेली तेव्हाही तुम्हाला माहीत होतं. पारोळ्याहून निरोप आला, आई भिंतीला धरून खाली बसली, आणि तुम्ही म्हणालात, "चल, मी पोचवतो. संध्याकाळच्या गाडीने परत यायचं." एसटीत तुम्ही पुढच्या बाकावर, आम्ही मायलेकी मागे. पारोळ्याच्या स्टँडवर उतरलो आणि तुम्ही तिथेच निंबाखाली वर्तमानपत्र उघडून बसलात. सासू गेलेली, घर हाकेच्या अंतरावर, आणि जावई स्टँडवर बातम्या वाचतोय! आईचं रडणंही घड्याळ बघून झालं. निघताना मामा आमच्याबरोबर चालत आला, डोक्यावर टोपी नाही, अत्तर नाही, दाढी वाढलेली. स्टँडच्या अलीकडच्या वळणावर थांबला. तिथून तुम्ही दिसत होतात. त्याने तुम्हाला लांबूनच दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तुम्ही बघितलंत. बघून वर्तमानपत्र वर धरलंत, तोंड झाकेपर्यंत. मी तेव्हा मनात तुम्हाला जो शब्द वापरला तो इथे लिहीत नाही, पण तो मी अजून मागे घेतलेला नाही.

तुम्ही गेलात तेव्हा भिंत तशीच होती. तिरडी त्याच ओट्यावरून उचलली. मामा आला होता, रस्त्याच्या पलीकडे त्या व्यापाऱ्याच्या ओट्याशी उभा होता, पायरी चढला नाही. मला वाटलं, आता तरी. दिवस झाले की आई भिंत खरडेल, भाऊ येईल, आखाजीला ती पारोळ्याला जाईल. मी तिला तसं म्हटलंसुद्धा. ती म्हणाली, "आता गेले तर लोक म्हणतील, नवरा मरायची वाट बघत होती." आणि झाडू घेऊन ओटा झाडायला गेली. बघा, किती पक्कं काम करून ठेवलं होतंत तुम्ही. याचे मात्र पोपडे सुटत नव्हते. पुढे चुलतभावाने ते घर घेतलं, भिंत खरडून टाकली, मी आईला धुळ्याला आणलं. मामा इथे येतो, वर्षातून एकदोनदा, म्हातारा झालाय. आई त्याला चहा देते, पुस्तकातल्यासारखं बोलते. दर आखाजीला मी विचारते, जायचं का पारोळ्याला? ती म्हणते, बघू पुढच्या वर्षी.

आता आजचं सांगते, म्हणजे हे पत्र का लिहितेय ते कळेल. या वेळी भिंत कोरडी होती, आबा. मी स्वतः हात लावून बघितला होता. मार्गशीर्षात काम दिलं, पावसाचं नाव नाही. चूक खरोखर कंत्राटदाराची आहे. जुना चुना खरडायचा, अस्तर मारायचं आणि मग रंग, असं ठरलेलं असताना मी शाळेत शिकवायला गेले की तो धुळीवरच ब्रश मारत होता. पहिला फुगा आला तेव्हापासून मी निरोप पाठवतेय, आज सकाळी उगवला. भिंतीकडे बघून म्हणतो, "बाई, धुळ्याचं ऊनच असं, त्याला कोण काय करणार?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रस्त्यात उभी राहून त्याला असं काही झाडलं की शेजारचे दारात आले. मग तो नरमला, म्हणाला, उद्यापासून खरडून परत करून देतो. आणि आबा, मी म्हटलं, "काही हात लावू नका. असंच राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू दे, तुमचं काम कसं असतं."

आई व्हरांड्यात वाती वळत बसली होती. मी बोलून गेले आणि तिच्याकडे बघितलं. तिने कापूस खाली ठेवला. गुडघ्यांवर हात रोवून उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि अंगणात येऊन भिंतीखालचे पोपडे झाडायला लागली. माझ्याकडे बघितलं नाही, कंत्राटदाराकडे नाही. खाली वाकून, एका बाजूने, पूर्वी झाडायची तसंच. मी तिच्या हातातला झाडू घ्यायला गेले तर तिने तो सोडला नाही. "राहू दे," म्हणाली. "मला सवय आहे."

आबा, मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खाली बसले, तिथेच धुळीत, आणि म्हटलं, "आई, चुकलं गं. नको झाडूस. पाया पडते तुझ्या." कंत्राटदार बावचळून उभा. आई कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि भिंतीकडे बघत राहिली. काय बघत होती कोण जाणे. मग झाडू भिंतीला टेकवून आत गेली आणि आली ती हातात कलथा घेऊन, माझ्या स्वयंपाकघरातला, सकाळी थालीपीठ उलटलेला. "तू जाय, भाऊ," ती कंत्राटदाराला म्हणाली. "खरडानं मी पाही लेसू. सकाय ये, अस्तर लई ये." किती वर्षांनी ऐकली मी तिची ती बोली. कंत्राटदार म्हणाला, आजी, माझी माणसं करतील ना. तर म्हणते कशी, "आखाजीले माले पारोळाले जानं शे. घरनी भीत आशी सोडीसन मी जावाव नही."

मी काही विचारलं नाही. विचारलं तर ती परत बघू म्हणेल अशी भीती वाटली. मामाला निरोप तेवढा धाडलाय.

आता हे लिहितेय तर बाहेर खर्रर्र खर्रर्र चाललंय. हात पोचेल तेवढी खालची भिंत झाली बहुतेक, कारण ती स्टूल ओढतेय. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही आणि आईला मी ते दाखवणार नाही. ट्रंकेत ठेवून देते, माझ्या लग्नातल्या शालूखाली. तुमच्या हातचा रंग अजून तसाच आहे तिच्यावर. आणि कबूलच करायचं तर हे एक करते. मार्गशीर्षात काम देताना कंत्राटदाराने रंगांचा कागद माझ्यापुढे धरला तेव्हा मी तो बघितला नाही. त्याला आत नेलं, ट्रंकेसमोर उभं केलं आणि म्हटलं, हा. अगदी हाच पाहिजे.

आई हाका मारतेय. स्टूल धरायला जाते.